शाखांचं क्लिनिक की ट्रस्टची ओपीडी? फिजिओच्या पहिल्या नोकरीआधी

इंटर्नशिप संपली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि मस्क्युलोस्केलेटलमध्येच, म्हणजे हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांतच, राहायचं ठरलं, की पुण्यात नव्या फिजिओसमोर बहुतेक दोन पर्याय येतात. एक म्हणजे चार-पाच शाखांचं खासगी क्लिनिक आणि दुसरा म्हणजे एखाद्या ट्रस्टची नाममात्र फीची ओपीडी. मी दोन्हीकडे काम केलं आहे. पगार क्लिनिकमध्ये जास्त असतो, आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर तेवढं कारण पुरे आहे. त्यावर मी वाद घालणार नाही.

शिकवणारी माणसंही क्लिनिकमध्ये जास्त भेटतात. एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, झालेले दोन-तीन सीनिअर शेजारच्या कॉटवर असतात, अडलं की हाक मारता येते. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या ऑपरेशननंतरचं रिहॅब नीट शिकायचं असेल, तर जागा, वजनं आणि महिनोन्‌महिने येणारे खेळाडू तिथेच मिळतात. खेळाकडे ओढा असलेल्यांनी माझं पुढचं म्हणणं थोडं बाजूला ठेवलं तरी चालेल.

ट्रस्टच्या ओपीडीत दिवसभर गुडघे येतात. त्यांच्यामध्ये मधुमेहींचे आखडलेले खांदे, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे अंगठे, रिक्षा चालवणाऱ्यांच्या कमरा. पेशंट ‘वंगण संपलंय’ किंवा ‘मणक्यात गॅप आलीय’ असं निदान सोबत घेऊनच येतो, आणि त्याला न दुखावता ती भीती काढायला शिकावं लागतं. ‘मांडी घालून पूजेला बसता येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, वाचता येत नाही. त्या आजींना खाली सतरंजीवर बसवून, उठवून बघावं लागतं. आणखी एक गोष्ट म्हणजे यातले बरेच जण कोणत्याही डॉक्टरला न दाखवता थेट तुमच्यापुढे येतात. पाठ रात्री झोपू देत नाही, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय, असं कानावर आलं की मणक्याचा टीबी आठवला पाहिजे आणि व्यायाम न देता आधी ऑर्थोकडे पाठवलं पाहिजे. ती सावधगिरी इथे लवकर अंगात मुरते.

मशीनच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. ‘शेक आणि करंट’ मिळाला नाही तर उपचार झाला असं लोकांना वाटत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2016 मध्येच कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंडचा उपचार किंवा टेन्स, आयएफटी हे करंटचे प्रकार देऊ नयेत असं सांगितलं, पण क्लिनिकच्या पॅकेजमध्ये आयएफटी असते आणि ट्रस्टमध्ये येणाऱ्या चिठ्ठीवर ‘एसडब्ल्यूडी, 10 दिवस’, म्हणजे दहा दिवस मशीनचा शेक, असं लिहिलेलं असतं. फरक झालाच तर इतका, की ट्रस्टमध्ये मशीन एकच असल्याने रांगेत थांबलेल्या पेशंटकडून व्यायाम करून घ्यायला वेळ मिळतो.

माझा निर्णय ट्रस्टच्या बाजूने झाला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. मी होतो त्या क्लिनिकमध्ये पेशंट कोणाचाच नसायचा. दहा सिटिंगचं पॅकेज काउंटरवर विकलं जायचं आणि त्या वेळी जो मोकळा असेल तो त्याला घ्यायचा. आज मी तपासायचं, परवा दुसऱ्याने व्यायाम घ्यायचे, शनिवारी तिसऱ्याने. फाइलवर एकच ओळ: ‘सेम ट्रीटमेंट कंटिन्यू’.

यात काय बिघडतं ते एका पेशंटवरून सांगतो. कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जाणारे एक गृहस्थ आले. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलल्यावर कळ थोडी वर सरकत होती, म्हणून तेवढाच व्यायाम दिला. पुढच्या खेपेला ते दुसऱ्याच्या वाट्याला गेले आणि म्हणाले, ‘आता कुल्ल्यात आणि कंबरेत जास्त दुखतंय.’ पहिल्या दिवशी त्यांच्या पोटरीवर बोट ठेवून ‘इथपर्यंत?’ असं विचारणारा समोर असता, तर पोटरी मोकळी झाल्याचं त्याला लगेच कळलं असतं. दुखणं पायातून मणक्याकडे मागे सरणं हे चांगलं लक्षण. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची सगळी पद्धत या निरीक्षणाभोवती उभी आहे. पण फाइलमध्ये ‘दुखणं वाढलं’ अशी नोंद झाली, व्यायाम बंद झाला आणि शेक सुरू झाला. त्या सहकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांत, मागचं काहीच न पाहिलेल्या माणसाने दुसरं काय केलं असतं?

ट्रस्टमध्ये ज्याने केस घेतली त्याच्याकडेच ती शेवटपर्यंत राहायची. साध्या वहीत नाव, पहिल्या दिवशी खांदा किती बाहेर फिरत होता त्याचा आकडा, आणि पुढच्या तारखांचे रकाने. खांदा तीन आठवडे हलला नाही, तर ते आपल्याच अक्षरात समोर दिसायचं, आणि मग अंदाज चुकला की व्यायाम घरी होतच नाहीत, हे शोधावं लागायचं. एक काकू केस विंचरता येऊ लागल्यावर मुद्दाम अंबाडा घालून दाखवायला आल्या होत्या. क्लिनिकमध्येही त्या बऱ्या झाल्या असत्या, पण कशाने बऱ्या झाल्या हे मला कळलं नसतं. पहिल्या एक-दोन वर्षांत हे कळण्याला माझ्या लेखी पगारातल्या फरकाहून जास्त मोल आहे.

सगळी क्लिनिकं अशी नसतील. पेशंट एकाच थेरपिस्टकडे ठेवणारी जागा मिळाली, वर सीनिअरही असतील, तर मी स्वतः तीच निवडेन. ट्रस्टमध्येही माणसं दर महिन्याला बदलत असतील, तर माझ्या सांगण्याला अर्थ उरत नाही. म्हणून हो म्हणण्याआधी एक सकाळ तिथे बसून बघा. जुना पेशंट आला की काउंटरवर ‘कोणाकडे चालू आहे?’ असं विचारतात, की ‘कोण मोकळं आहे?’ असं, ते ऐका. आणि जमलं तर एखादी जुनी फाइल उघडून चौथ्या सिटिंगपुढे काय लिहिलंय ते वाचा.