पेड पोस्ट मिळवून देणारी साइट: तेवीस महिने वापरून

इचलकरंजीत मी शिवणक्लास घेते. क्लासच्या मुली घरी गेल्या की मापं विसरायच्या, रात्री फोन करायच्या. म्हणून २०१९ मध्ये मी ती ब्लॉगवर लिहून ठेवायला लागले. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, मुंढ्याला झोळ का येतो, बॉबिनचा दोरा खालून गुंता का करतो, असलं सगळं. आता दिवसाला साडेतीनशे-चारशे जणी वाचतात. फार नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच जणींच्या हातात वाचताना कात्री असते.

होस्टिंग आणि डोमेनचा, म्हणजे ब्लॉगच्या जागेचा आणि पत्त्याचा, खर्च मात्र दरवर्षी माझ्याच पर्समधून जायचा. तो निघावा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये मी एका साइटवर नाव नोंदवलं. जाहिरातदार आणि ब्लॉग लिहिणारे यांची गाठ घालून द्यायची आणि मध्ये आपलं कमिशन ठेवायचं, हा तिचा धंदा. साइटचं नाव मुद्दाम देत नाही. याच पद्धतीनं चालणाऱ्या साइट बऱ्याच आहेत आणि मला सांगायचंय ते पद्धतीबद्दल.

आधी चांगलं सांगते. पैसे मिळतात आणि वेळेवर मिळतात. पोस्ट टाकल्यावर एकवीस दिवसांनी रक्कम खात्यात दिसते, दोन हजार साठले की बँकेत मागवता येतात. तेवीस महिन्यांत एकदाही कुणाच्या मागे लागावं लागलं नाही. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला गेला, तो करखात्याच्या २६एएस या उताऱ्यात दिसला आणि रिटर्न भरल्यावर परत आला. शिलाईचे दीडशे रुपये दिवाळीपर्यंत लांबवणारी गिऱ्हाइकं मी वर्षानुवर्षं बघितलीत, त्यामुळे या चोखपणाची किंमत मला कळते.

नोंदणीही सोपी. ब्लॉगचा पत्ता, विषय, भाषा, आपला दर. मालकी सिद्ध करायला एक कोड टाकावा लागतो, तो भाच्यानं टाकून दिला. चौथ्या दिवशी मंजुरी आली आणि नावासमोर एक आकडा आला: डोमेन ऑथॉरिटी १४. मॉझ नावाच्या कंपनीचं हे शंभरपैकी गुण देणारं माप आहे. गूगल ते वापरत नाही. पण या बाजारात दर त्याच्यावरच ठरतो. मी १,५०० रुपये लावले. साइटचं कमिशन ३० टक्के, म्हणजे हातात १,०५०. पुढे दर दोन हजार केला, शेवटी दोनदा अडीच हजारही मिळाले.

एकूण चौदा पोस्ट केल्या. चौदापैकी एकाही जाहिरातदारानं विचारलं नाही की तुमचा ब्लॉग वाचतं कोण. प्रत्येकाचा प्रश्न एकच: लिंक ‘डूफॉलो’, म्हणजे गूगलनं मोजावी अशी, आहे ना, आणि वर्षभर राहील ना? ऑस्ट्रेलियातल्या घरसामान हलवणाऱ्या कंपनीचा इंग्रजी लेख आला होता, कटोरी ब्लाउजच्या शेजारी टाकायला. तेव्हा मला हा व्यवहार नीट उमगला. ते माझ्या वाचणाऱ्या बायकांसाठी पैसे मोजतच नव्हते. गूगलला दिसावी म्हणून एक लिंक विकत घेत होते, आणि माझा ब्लॉग ही ती लिंक टांगायची खुंटी होती.

गूगलचं यावर म्हणणं साफ आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला तशी खूण लावा. २००५ पासून त्यासाठी ‘नोफॉलो’ आहे, सप्टेंबर २०१९ पासून खास ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूण आली. ती न लावता विकलेली लिंक त्यांच्या नियमांत स्पॅम ठरते आणि ब्लॉग शोधात खाली ढकलला जाऊ शकतो. साइटवरच्या बहुतेक ऑर्डरमध्ये नेमकी हीच खूण लावायची नाही अशी अट असते. शिवाय ‘पोस्टमध्ये जाहिरात हा शब्द नको’ हीसुद्धा.

पहिल्या पाच पोस्ट मी त्या अटीवर केल्या. हे लिहिताना मला चांगलं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. नंतर नियम वाचले. जाहिरातींच्या मानकांसाठीची संस्था आहे, ‘आस्की’, तिचे याबाबतचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे घेतले, वस्तू फुकट घेतली, काहीही घेतलं तरी ते वाचणाऱ्याला वरच दिसेल असं सांगायचं. इंग्रजीतच सांगावं असं बंधन नाही, जाहिरातीच्या भाषेत चालतं, म्हणजे मराठी पोस्टला ‘जाहिरात’ एवढा शब्द पुरतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही तशाच सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू होऊ शकतो. आम्ही पोस्टमागे हजार-बाराशे घेणारी माणसं. मी त्याच रात्री जुन्या पाचही पोस्टवर पहिल्या ओळीत ‘जाहिरात’ लिहिलं आणि साइटवरच्या माझ्या माहितीतही तशी नोंद घातली. हातात आलेल्या तीन ऑर्डर रद्द झाल्या.

आता सुईचं सांगते.

ऑक्टोबरात शिलाईच्या दोऱ्याच्या एका कंपनीची ऑर्डर आली. माझ्याच विषयातली, म्हणून मी खुश. लेख त्यांचा तयार होता, साधारण सातशे शब्द, भाषांतर करून घेतलेला. क्लास सुटल्यावर रात्री साडेदहाला मी वरचा परिच्छेद वाचला, खालचा वाचला, लिंक चालते का बघितलं आणि टाकला. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं: ‘कोणत्याही कापडासाठी १८ नंबरची सुई उत्तम.’

शिवणाऱ्याला सांगायला नको. १८ नंबर म्हणजे जीन्स, कॅनव्हास. सिल्कला ११, अगदी नाजूक कापडाला ९. साध्या सुतीला १४, जाड कापडाला १६. माझ्या क्लासमध्ये दुसऱ्याच दिवशी हे पाठ करून घेते मी.

अकराव्या दिवशी बार्शीहून एका ताईंचा मेसेज आला, सोबत फोटो. बहिणीच्या लग्नातला ब्लाउज, मोरपंखी सिल्क. पाठीच्या टक्सला, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमटीला, एकदा टाका चुकला म्हणून उसवून पुन्हा घातला होता, आणि उसवलेल्या जागी भोकांची सरळ रांग राहिली होती. आजूबाजूचे धागे ओढले जाऊन कापडावर बारीक सुरकुती उमटली होती. सुतीला भोक पडलं तर पाणी मारून, इस्त्री करून बरंचसं मिटतं. सिल्कला मिटत नाही. मी लगेच फोन लावला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मी दुसरीकडं बघितलंच नाही ओ.”

पोस्टवर ‘जाहिरात’ लिहिलेलं होतं. त्याचा त्यांना काय उपयोग झाला? ब्लॉग माझा होता.

कापडाचे १,८०० रुपये मी पाठवले, नको नको म्हणत त्यांनी घेतले. साइटला लिहिलं की ही ओळ बदलू द्या. दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी अदबशीर. जाहिरातदार मजकुरात बदल मान्य करत नाही, आणि अटींप्रमाणे मजकुराची जबाबदारी प्रकाशित करणाऱ्याची, म्हणजे माझी. मी पोस्ट काढून टाकली. वर्षाच्या आत लिंक काढली म्हणून त्या पोस्टचे १,४०० रुपये खात्यातून वजा झाले.

माझी तक्रार रकमेची नाही. जबाबदारी माझी होती, हे मला मान्य आहे. मी सगळा लेख वाचायला हवा होता. पण जबाबदारी माझी, तर लेखणीही माझ्या हातात द्या. चुकीची ओळ दुरुस्त करायची मुभा नाही आणि उत्तर मात्र मी द्यायचं, ही अट कुठल्याही ब्लॉगवालीनं मान्य करू नये. त्यानंतर मी दुसऱ्याचा तयार लेख एकदाही घेतला नाही.

जुगाराच्या ऑर्डरींबद्दल थोडक्यात. पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या ॲपसाठी मला दुप्पट दर देऊ केला होता, आठवड्याला एक तरी विचारणा यायचीच. सट्ट्याच्या जाहिराती टाळा असं माहिती व प्रसारण खात्यानं जून २०२२ मध्येच बजावलं होतं, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांच्या खेळांची जाहिरात हा गुन्हाच ठरवलाय. साइटवर तो प्रकार बंद करायचं बटण आहे. नोंदणी केली की आधी ते दाबा.

साइटच्या बाहेर मात्र मला चांगला अनुभव आला, तोही गावातच. आमच्याकडे टेलरिंग मटेरियलचं एक दुकान आहे, अस्तर, बकरम, हूक, लेस. मालक म्हणाले, “वहिनी, आमच्यावर लिहा की एकदा, पैसे देतो.” दोन हजार ठरले. मी दुकानात जाऊन अस्तराचे चार प्रकार विकत घेतले, रात्रभर पाण्यात भिजवले, वाळवून टेपनं मोजले. सगळ्यात स्वस्त अस्तर मीटरमागे चार सेंटीमीटर आटलं होतं. वर ‘जाहिरात’ लिहून मी तेही लिहिलं, ‘हे घेतलं तर आधी भिजवून मगच कापा’. मालकांनी वाचलं आणि म्हणाले, राहू दे. त्या आठवड्यात जतहून दोघी बायका त्यांच्याकडे आल्या, “ब्लॉगवर वाचून आलोय, ते न आटणारं द्या.” त्यानंतर त्यांनी माझ्याकडून आणखी चार पोस्ट लिहून घेतल्या.

सांगलीच्या एका विक्रेत्यानं झिगझॅग मशीन पंधरा दिवस वापरायला दिलं आणि परीक्षणाचे पाच हजार दिले. मशीन मी परत केलं. यात करसल्लागारानं एक कामाची गोष्ट सांगितली: १ जुलै २०२२ पासून धंद्यानिमित्त मिळालेल्या, वर्षाला वीस हजारांवरच्या भेटवस्तूंवर दहा टक्के टीडीएस आहे, पण परीक्षणासाठी आलेली वस्तू वापरून परत केली तर ती लाभ धरली जात नाही. ठेवून घेतली तर धरली जाते. घेतानाच परतीची पावती लिहून घ्या.

हिशेब असा. साइटवरच्या चौदा पोस्टचे, वजावट धरून, १७,५०० रुपये. बाहेरच्या सहांचे १५,०००. दोन वर्षांचं होस्टिंग-डोमेन ९,२००. उरले २३,३००, म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. त्यातले १,८०० बार्शीला गेले. राहिलेल्यात थोडी भर घालून जुनं इंटरलॉक मशीन घेतलं, आता मुली त्यावर शिकतात.

साइटला पाचपैकी दोन. दोन्ही गुण वेळेवर मिळणाऱ्या पैशांचे. ज्याचा ब्लॉग नुसताच उघडून ठेवलाय, त्याला ती चालेल. ज्याच्याकडे विश्वासानं वाचणारी शंभर माणसं आहेत, त्यानं आधी आपल्याच बाजारपेठेत एक चक्कर मारावी.

डिसेंबर २०२४ मध्ये मी तिथलं खातं बंद केलं. सुईची पोस्ट नव्यानं लिहिली आहे, कुणाच्या पैशाविना. प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा, त्यावर ९, ११, १४, १६ आणि १८ नंबरचा टाका, आणि उसवल्यावर राहिलेल्या भोकांचा जवळून फोटो. सिल्कचा तुकडा बार्शीच्या ताईंनी पाठवला, त्याच ब्लाउजच्या कापडाचा.