बॅटरी चार्जर, आठ महिन्यांनंतर: मारुती ८००, चेतक आणि थंडीतला रविवार

मे महिन्यात १२ व्होल्टचा, ४ अँपिअरचा छोटा ऑटोमॅटिक बॅटरी चार्जर घेतला. आता जानेवारी उजाडला, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलाय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता जे लिहितोय ते वहीतल्या नोंदी समोर ठेवून.

घरी दोन जुन्या गाड्या आहेत. एक १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. दुसरी वडिलांची बजाज चेतक. जुळे सोलापुरात घर, ऑफिस जवळच, त्यामुळे कार आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर निघते. नेमकं तेच तिच्या मुळावर आलं होतं. आठ-दहा दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’. मग कॉलनीतली पोरं गोळा करायची आणि धक्का. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. गेल्या हिवाळ्यात हुरड्याला शेतावर जायचं ठरलं, तर ऐन सकाळी गाडी रुसली आणि आम्ही चौघं दुसऱ्यांच्या गाडीत दाटीवाटीनं बसून गेलो. ते मनाला लागलं होतं.

चार्जर त्याचं काम चोख करतो. आधी ठरावीक करंट देतो, व्होल्टेज १४.४ला पोचलं की ते तिथंच धरतो आणि करंट कमी कमी करत नेतो. भरली की १३.६च्या आसपास राखत बसतो. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढी. निम्मी उतरलेली असेल तर सहा-सात तासांत हिरवा दिवा लागतो. रात्री लावून झोपलो तरी काळजी नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून गॅरेजचं शटर मात्र वितभर वर ठेवतो.

या चार्जरपेक्षा जास्त उपयोगी पडला तो सोबत घेतलेला साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजायचं: १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जेमतेम पाव. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी भरत नाही. माझ्या आधीच्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या, हे मला आता कळतंय. आठवीतली मुलगी दर रविवारी रीडिंग घेते आणि तारखेसकट वहीत लिहिते.

तक्रारी आहेत. चिमट्यांची स्प्रिंग चौथ्या महिन्यातच सैल पडली, वायर दीड मीटरच आहे, एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय पोचत नाही. मोठी अडचण वेगळीच. बॅटरी फारच उतरली तर चार्जर तिला ओळखतच नाही. ऑगस्टमध्ये गाडीतला दिवा दोन दिवस चालू राहिला, मीटरवर ५ व्होल्ट, आणि चार्जर लाल दिवा लुकलुकवत बसला. शेजारचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “काय बे, बॅटरी फेकायला निघालास का? थांब.” त्यांनी त्यांच्या गाडीची चांगली बॅटरी जंपर केबलनं दहा मिनिटं जोडून ठेवली. मग आमच्या बॅटरीला थोडं व्होल्टेज आलं आणि चार्जरनं तिला घेतलं. पूर्ण भरायला रात्र गेली. जंपर लावताना प्लसला प्लस, मायनसला मायनस, यात कसूर नको.

तरी वहीतले आकडे मला खटकत होते. रविवारी १२.६५, पुढच्या रविवारी ११.९. चार्जर आठवड्याला भरतोय आणि गाडी आठवड्यात पितेय. हे कुठं जातंय?

याचा छडा लागला तो डिसेंबरातल्या एका रविवारी. सकाळी चांगलीच थंडी होती, अंगणात ऊन यायला आठ वाजले. सोलापुरी चादर अंगावर घेऊनच मी बाहेर आलो, बायकोनं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि चहा अंगणातच आणून दिला. अण्णा खुर्ची टाकून बसले. बॅटरीचा मायनस टर्मिनल काढला. तो आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. मग मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून टर्मिनल आणि केबलच्या मधे जोडला. असं असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही. दार उघडं असलं की आतला दिवा लागतो आणि रीडिंग खोटं येतं, म्हणून दाराचं बटण टेपनं दाबून ठेवलं.

मीटरवर ०.१८. सगळं बंद असताना १८० मिलिअँपिअर. मुलीनं तिथंच वहीत गुणाकार मांडला: ०.१८ गुणिले २४, दिवसाला ४.३ अँपिअर-अवर. म्हणजे ३५ची बॅटरी आठ दिवसांत रिकामी. आमच्या त्रासाचा हिशेब इतका बरोबर जुळलेला पाहून मी मिनिटभर गप्पच झालो.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. मुलगी मीटरवरचा आकडा ओरडून सांगत होती. “अठरा... अठरा... अठरा... बाबा, दोन!” तो फ्यूज स्टिरिओचा होता. डॅशबोर्डखाली डोकं घालून पाहिलं, तर कोणीतरी पूर्वी लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून सरळ चालू लाइनला दिली होती. पिवळी कायमची चालू हवी, लाल चावीवर. त्यामुळे चावी काढली तरी स्टिरिओ पूर्ण झोपतच नव्हता. लाल वायर सोडवून चावीच्या लाइनवर घेतली, नीट टेप गुंडाळली. फ्यूज परत लावल्यावर रीडिंग ०.०२. अण्णांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बॅटरीचा दोषच नव्हता बघ, पोरा.”

उरलेली सकाळ चेतकची. तिला किक आहे, मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरताना तिथंच तयार होणाऱ्या विजेवर, ठिणगी पडते, चार्जरचा तिथं उपयोग नाही. ती उभी राहून वेगळ्या तऱ्हेनं खराब होते: कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, चिकट राळ बसते. जेट काढून पेट्रोलमध्ये भिजवला, पंपानं हवा मारली. तार घालायची नाही, भोक मोठं होतं. प्लगचा गॅप ०.६ मिलिमीटर, पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडमीट होणाऱ्या स्विचचा) ०.४ मिलिमीटर, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी लावला. चोक ओढला, तिसऱ्या किकला १४५ सीसीचं इंजिन धडधडलं आणि निळा धूर अंगणभर पसरला. तो आवाज वडिलांच्या संध्याकाळच्या येण्याचा आवाज आहे. आई आतून दारात येऊन उभी राहिली. आता ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

तर चार्जर घ्यावा का? कमी चालणारी जुनी गाडी असेल तर जरूर घ्या, पण आधी मल्टिमीटर घ्या. तो आधी घेतला असता तर माझी निदान एक बॅटरी वाचली असती. चार्जर घेताना त्याचे चिमटे दाबून बघा, वायरची लांबी बघा. बॅटरीला कॅप असतील तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहा, आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, आपलं बोअरचं जड पाणी अजिबात नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं घासा, कोरडं करून व्हॅसलिन लावा.

त्या रविवारनंतर चार्जर एकदाच लावलाय. काल सकाळी मुलीनं लिहिलेलं रीडिंग १२.६१ आहे. पुढच्या रविवारी हुरड्याला आमच्याच गाडीनं निघतोय, अण्णांना पुढची सीट सांगून ठेवलीय.