मैत्रिणींनी मिळून गोधडी: एकत्र बसून शिवायची की चौकोन वाटून घ्यायचे?

घरात बारसं, लग्न किंवा कुणाची साठी ठरली की मैत्रिणींच्या गप्पांत एक विचार हमखास निघतो: विकतचं काही नको, आपण मिळून गोधडी शिवू. विचार छानच आहे. फक्त सुरुवातीला एक गोष्ट ठरवली नाही, तर कार्याच्या आदल्या रात्री कुणीतरी एकटी टाके घालत बसते. ठरवायचं एवढंच, की सगळ्यांनी एकाच गोधडीभोवती बसून हाताने धावदोरा घालायचा, की प्रत्येकीने आपल्या घरी एकेक चौकोन करायचा आणि मग ते सगळे जोडून मशीनवर गोधडी पुरी करायची. दोन्हींतून सुंदर वस्तू होते, पण त्या दोन वेगळ्या वस्तू असतात आणि बिघडतातही वेगळ्या जागी.

मैत्रिणी एका गावात असतील, चार ते सहा जणी असतील आणि घरात जुनी सुती लुगडी किंवा साड्या असतील, तर बैठकीची गोधडी करा. मैत्रिणी पुणे, नागपूर, न्यू जर्सी अशा विखुरलेल्या असतील किंवा दहाच्या वर असतील, तर चौकोनांना पर्याय नाही. बारशाच्या दुपट्यासाठी मात्र विखुरलेल्या मैत्रिणी असल्या तरी चौकोन टाळावेत. त्याचं कारण पुढे आलं आहे.

बैठकीची गोधडी

कापडाचा हिशेब सोपा आहे. सुती नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. तिचे चार सारखे भाग केले की दोन मीटरचे चार थर मिळतात आणि पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आत असतो. म्हणजे एका लुगड्यात चार थरांची एकेरी गोधडी बसते, अंदाजे ४ फूट बाय साडेसहा फूट. पाचवारी असेल तर दोन लागतात. प्रत्येकीतून दोन मीटरचे दोन तुकडे काढले की दीड मीटर उरतं, ते गोटाला आणि ठिगळांना पुरतं. दुहेरी गोधडीला प्रत्येक थरासाठी सव्वादोन मीटरचे दोन तुकडे शेजारी जोडावे लागतात, म्हणजे चार थरांना चार साड्या. हे जोड सगळ्या थरांत बरोबर मध्यावर आले तर तिथे दोरीसारखा उंचवटा होतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला टोचतो. म्हणून आतल्या दोन थरांत एक तुकडा अख्खा मध्ये ठेवावा, दुसरा उभा फाडून त्याचे अर्धे दोन बाजूंना लावावेत.

जरीचा काठ आणि पदर आधी काढून टाका. जरीत सुई अडते आणि तिची टोकं अंगाला खुपतात. नायलॉन, जॉर्जेट, क्रेप नकोच, कारण हे कापड सुतीवरून घसरतं आणि कितीही टाचलं तरी झोळ पडतो. जुनं रेशीम दिसतं मोहक, पण घडीवर विरलेलं असतं आणि पहिल्या दोन धुण्यांत तिथेच फाटतं. सुती साडीची परीक्षाही घ्यावी. दोन अंगठ्यांमध्ये कापड धरून ताणा. सहज फाटलं तर ते आतल्या थरातही घालू नका, कारण धुताना त्याचा गोळा होतो आणि गोधडी एका ठिकाणी जाड, दुसऱ्या ठिकाणी पोकळ होते. मजबूत कापड वर आणि खाली, मऊ झालेलं मध्ये.

सगळ्यांत जास्त आळस होतो तो कच्च्या टाक्यांचा, आणि गोधडी बिघडते ती तिथेच. फरशी पुसून चारही थर एकावर एक अंथरा, कडांना डबे किंवा पाट ठेवा, हाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या काढा. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने वीत-वीत अंतरावर उभे-आडवे लांब टाके घाला. याला दोघींना तासभर लागतो. हा तास वाचवला तर शेवटी मध्यभागी फुगा येतो आणि तो घालवायला अर्धी गोधडी उसवावी लागते.

कच्चे टाके झाले की कडा इंचभर आत दुमडून बंद करायच्या आणि कडेकडून आत जात चौकटीत चौकट अशा धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकाही आपली कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून सुरू करून मध्यावर संपवतात. त्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी ‘फुलं’ लावतात, त्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. आपल्या गोधडीवरही ती शोभतात आणि कोपरे लवकर झिजत नाहीत.

कामाची वाटणी कशी करायची हे फारसं कुणी मोजत नाही. चार बाजूंना चौघी बसल्या की वाटणी समान झाली असं वाटतं, पण तसं नसतं. ४ बाय साडेसहा फुटांच्या गोधडीत ओळी एकेक इंचावर घातल्या, तर एकूण साधारण ३१२ फूट शिवण होते. चौकटी आत आत लहान होत जातात, त्यामुळे आखूड बाजूवाल्या दोघींच्या वाट्याला प्रत्येकी ४८ फूट येतं आणि लांब बाजूवाल्यांना १०८ फूट, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून सहा जणींची बैठक उत्तम. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन, आखूड बाजूंना एकेक. मग प्रत्येकीला ५० फुटांच्या आसपास काम येतं. सरावलेला हात चार थरांतून तासाला तीन-चार मीटर धावदोरा घालतो, तेव्हा चहा धरून पाच तास लागतात. नवशिक्या असतील तर दोन दुपारी धरा.

आता हातांचा प्रश्न. एकीचा टाका आवळ, दुसरीचा सैल. आवळ हाताकडची बाजू चुण्या पडून आखडते आणि गोधडी तिरकी होते. उपाय दोन: वीतभर शिवलं की दोन्ही टोकं धरून कापड हलकं ओढून घ्यावं, आणि दर तासाला जागा बदलाव्यात, म्हणजे एकाच बाजूवर ताण साठत नाही. दोरा जाड सुती, लांबी हात-दीड हात. याहून लांब घेतला तर सुईच्या नेढ्यापाशी झिजतो आणि गुंततो. गाठ थरांच्या आत ओढून लपवा. टाका पाव इंचाहून मोठा नको, कारण लांब टाक्यात जोडवी आणि पैंजण अडकतात आणि एक टाका तुटला की ओळच सुटते.

टाके थोडे कमीजास्त येणारच. ते सरळ करायला उसवत बसू नये. कोणती ओळ कुणाची हे ओळखता येणं हीच या गोधडीची खूण आहे.

चौकोनांची गोधडी

इथे मेहनतीपेक्षा मोजमाप महत्त्वाचं. जोडल्यावर १२ इंच भरणारा चौकोन हवा असेल तर तो साडेबारा इंचांचा लागतो, चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातं. तीन बाय तीन अशा नऊ तुकड्यांचा चौकोन करायचा असेल तर प्रत्येक तुकडा साडेचार इंच कापायचा. एखादीने पाव इंचाऐवजी ३/८ इंच, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर शिवण घेतली, तर प्रत्येक जोडात पाव इंच जास्त जातं. आडव्या ओळीत दोन जोड असतात, म्हणून चौकोन साडेबाराऐवजी १२ इंचांचा येतो. अर्धा इंच ही तूट जोडताना ओढून भरता येत नाही. ओढली की शेजारच्या चौकोनावर फुगा येतो.

म्हणून नवख्या मैत्रिणींना तुकडे जोडायला देऊ नयेत. त्यांना १३ इंचांचं साधं एकरंगी कापड द्या आणि मधल्या १० इंचांत भरतकाम करायला सांगा: साखळी टाक्यात नाव, उलट्या टिपेत एखादं चित्र. सगळे चौकोन आले की ते एकीनेच, एकाच पट्टीने साडेबारा इंचांवर कापायचे. कापड एकाच ताग्यातलं आणि आधी धुऊन वाळवलेलं हवं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि काही चौकोन धुतलेले, काही कोरे असतील तर पूर्ण गोधडी नंतर वेडीवाकडी होते. गडद लाल, निळा, हिरवा यांची रंग जाण्याची चाचणी घ्या: पांढरं ओलं फडकं दोन मिनिटं घासा, रंग उतरला तर तो कपडा बाद.

एकेरी गोधडीला पाच बाय सात, म्हणजे ३५ चौकोन लागतात आणि तयार माप ६० बाय ८४ इंच येतं. इतक्या मैत्रिणी नसतात, असायची गरजही नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे भरलेले आणि साधे चौकोन आलटून पालटून लावले तर १८ भरलेले पुरतात. शिवाय दोन चौकोन जादा करून ठेवा, कारण ठरलेल्या तारखेला सगळे येत नाहीत.

आतल्या थराला पॉलिएस्टरची वॅडिंग हलकी असते आणि लवकर वाळते, पण कोकणात, मुंबईत ती उकडते. जुन्या सुती साडीचे दोन थर घालणं आपल्या हवेला जास्त मानवतं. मशीनवर शिवताना हाताच्या गोधडीच्या नेमकं उलट जायचं: मध्यापासून कडेकडे. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचं मागे रेंगाळतं. कडा आधी बंद केल्या तर हे साठलेलं कापड मध्ये अडकून चुणी होते. वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारा वॉकिंग फूट मशीनला लावा, ९०/१४ ची सुई घ्या, टाका ३ मिलिमीटर ठेवा.

या पद्धतीचा खरा तोटा मात्र वेगळाच आहे. हातकाम अठरा जणींचं असलं तरी जोडणी आणि शिवण शेवटी एकीवर पडते आणि तिचे तीन-चार दिवस जातात. ती कोण, हे पहिल्या दिवशी ठरवा. तिला चौकोन भरायला देऊ नका.

कोणत्या कार्याला काय

बारशाचं दुपटं ३६ बाय ३६ इंच पुरतं. नऊ चौकोनांत ते बसतंही, पण दर १२ इंचांवर शिवणीची जाड घडी येते आणि भरतकामाच्या गाठी मागच्या बाजूला राहतात. तान्ह्याच्या पाठीला दोन्ही खुपतात. मऊ झालेल्या साडीचं दोन-तीन थरांचं साधं दुपटंच चांगलं. त्याला ओळी पाऊण इंचावर घातल्या तरी ४४ मीटरच शिवण होते, तिघींचं दोन दुपारचं काम. मणी, टिकल्या, आरसे, लोंबते दोरे काहीही नको. दोऱ्याचा वेढा इवल्या बोटाला बसून रक्त अडू शकतं. दुपटं खाली अंथरायला आणि मांडीवर घ्यायला वापरावं, झोपलेल्या बाळावर सैल पांघरून ठेवू नये.

बारसं बाराव्या दिवशी असतं, पण बाळ कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून दुपटं आठव्या महिन्यात तयार हवं. काही घरांत बाळ येण्याआधी त्याच्या वस्तू घरात आणत नाहीत. मग ते मैत्रिणीकडेच राहू द्यावं आणि बाळंतविड्याबरोबर द्यावं. साडी कुणाची वापरायची हेही आधी विचारा. एका घरी गेलेल्या आजीचं लुगडं आग्रहाने मागतात, दुसऱ्या घरी ते चालत नाही.

लग्नासाठी रुखवतात ठेवायची असेल तर बैठकीची गोधडी घ्या आणि बैठक केळवणाच्या दिवशी जेवणाआधी ठेवा. सगळ्या जमलेल्याच असतात. मेंदी आणि हळदीच्या दिवशी काम बाहेर काढू नका, ओल्या मेंदीचा डाग सुतीवरून जात नाही. हळदीचा डाग मात्र भयंकर दिसला तरी घाबरण्यासारखा नाही. साबण लागला की तो लाल होतो. पाण्यात खळबळून कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवला की विरत जातो.

साठीला, एकसष्टीला चौकोनच योग्य. नाती लांबवर पसरलेली असतात, पोस्टाने चौकोन येतात, आणि ज्यांना प्रवास जमत नाही त्यांचं नावही त्यावर राहतं. निमंत्रणाच्या दोन महिने आधी कापड पाठवा आणि कार्याच्या तीन आठवडे आधीची तारीख द्या.

काम कोणत्याही पद्धतीचं असो, शक्य असेल तर ते फाल्गुन ते वैशाखात उरका. पावसाळ्यात चार थर आतून वाळत नाहीत आणि कुबट वास बसतो. भरल्या घरात सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. उठण्याआधी गोधडीच्या दोन्ही बाजूंवरून, कोपऱ्यांच्या घड्यांतून आणि खालच्या सतरंजीवरून लोहचुंबक फिरवा. एक सुई जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी घडी करून ठेवू नका.