सात सीटांची गाडी आणि पुण्याचं ट्रॅफिक: डिझेल की हायब्रिड?

सात माणसांची एसयूव्ही घ्यायची आणि ती पुण्यातच राहणार, असं ठरलं की घोडं शेवटी दोनच ठिकाणी अडतं. एकीकडे टाटा सफारीसारखं दोन लिटरचं डिझेल, दुसरीकडे टोयोटा इनोव्हा हायक्रॉसचं (किंवा तिचीच जुळी बहीण मारुती इन्व्हिक्टोचं) पेट्रोल हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर. जागा, फीचर्स, सेफ्टी यावर शोरूमवाले तासभर बोलतीलच. इथे फक्त अॅव्हरेज.

कागदावर, म्हणजे सरकारमान्य चाचणीत, लिटरला किती किलोमीटर? हायक्रॉस हायब्रिड २३.२४, सफारी मॅन्युअल १६.३० आणि ऑटोमॅटिक १४.५०. ही चाचणी रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ताशी ९०च्या वर जात नाही आणि सगळं वीसेक मिनिटांत आटपतं. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर असली तरी तिच्या चाचणीत संध्याकाळचा कर्वे रोड नसतो.

कोथरूड-हिंजवडी किंवा सिंहगड रोड-मगरपट्टा अशा रोजच्या रस्त्यावर, एसी लावून, माझ्या अनुभवात हायब्रिड १६ ते १८ देते आणि याच आकाराचं ऑटोमॅटिक डिझेल साडेनऊ ते अकरा. तुमचा पाय जड असेल तर दोन्हींतून एखादा किलोमीटर वजा करा. फरक पडतो तो थांबण्यात. वाकडच्या पुलाखाली डिझेल इंजिन एसी ओढत उभं असतं आणि तेल जाळत राहतं. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. इंजिन बंद राहतं, बॅटरी उतरली की मधूनच सुरू होऊन भरून घेतं. दर सिग्नलला ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जाही काही प्रमाणात परत मिळते.

हायवेवर मात्र हा फायदा विरतो. एक्सप्रेसवेवर एकसारख्या १००ने ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? तिथे दोघी १५ ते १७च्या घरात. मुंबईला जातानाच्या आकड्यावर जाऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणून जाताना कोणतीही गाडी गुणी वाटते. जाऊन-येऊन हिशोब धरा. खंडाळा उतरताना हायब्रिडची छोटी बॅटरी पायथ्याच्या बरीच आधी भरते, त्यानंतरचा उतार फुकट जातो. खंबाटकी सात माणसं आणि सामान घेऊन चढायची तर डिझेलच बरं. १७५० आरपीएमपासून ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याची ताकद, मिळतो, गाडी कुरकुरत नाही. हायब्रिडचं इंजिन अशा चढाला वरच्या आरपीएमवर जाऊन ओरडतं, आणि ते सहन करावं लागतं.

इथवर सामना बरोबरीचा वाटेल. माझा कौल फिरला तो डीपीएफमुळे (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर). १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी ही जाळी असतेच. कंपनी कोणतीही असो. काजळी साठली की ती जाळायला जवळपास ६०० अंश तापमान लागतं. हायवेवर धूर आपसूक बराच तापतो. शहरात तापत नाही, म्हणून इंजिन मुद्दाम जादा डिझेल सोडून जाळी तापवतं. हे काम दहा ते वीस मिनिटं चालतं. आयडलिंग थोडं चढतं, पंखा जोरात फिरतो, करपल्यासारखा वास येतो आणि तेवढ्या वेळात अॅव्हरेजचा आकडा धाडकन खाली येतो. त्यातच सोसायटी आली आणि तुम्ही गाडी बंद केली, की काम अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. जाळायला सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, पातळी चढते.

ज्याचं ऑफिस सहा किलोमीटरवर आहे आणि मुलांची शाळा त्याच वाटेवर, त्याला हे चक्र चुकत नाही. केवळ जाळी साफ करण्यासाठी सातारा रोडला खेड शिवापूरपर्यंत चक्कर मारायची, हे मला तरी पटत नाही.

पैशांचं बोलू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरा. वर्षाला शहरात ८,००० आणि बाहेर ४,००० किलोमीटर. डिझेल शहरात १० आणि बाहेर १५ देते असं मानलं तर वर्षाला ९६,००० रुपये. हायब्रिड १७ आणि साडेसोळा दिली तर सुमारे ७४,०००. म्हणजे वर्षाला बावीस हजार वाचले. हायब्रिडला जितके लाख जास्त मोजाल, त्या दर लाखामागे वसुलीला साडेचार वर्षं लागतात. तेव्हा केवळ तेल वाचवायला हायब्रिड घेतो म्हणणाऱ्याने कॅल्क्युलेटर पुन्हा उघडावा. हायब्रिड घ्यावी ती शहरातल्या निवांतपणासाठी. माझं मत तिच्याकडेच झुकतं.

तिचीही पथ्यं आहेत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याने लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के कमी होते. पहिली पाच मिनिटं इंजिन तापण्यात जातात, म्हणून दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत २३ची स्वप्नं पाहू नयेत. बॅटरीला गार हवा पुरवणाऱ्या केबिनमधल्या जाळीसमोर पिशव्या कोंबू नका. हायब्रिड बॅटरीला टोयोटाची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, ती भीती बाजूला ठेवता येते.

गाडी कोणतीही घ्या, डिस्प्लेवरचं अॅव्हरेज खरं धरू नका. तो सहसा उदार असतो. पंपावर नोझल आपोआप कट होईपर्यंत भरा, ट्रिप शून्य करा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे तपासा. सात जण बसणार असतील तर त्यातला जास्तीचा आकडा.

दर शनिवार-रविवारी कोल्हापूर किंवा कोकण असेल, तर डिझेल खुशाल घ्या, जाळी आपोआप साफ राहील. शहरात जास्त फिरणार असाल तर डीपीएफचा दिवा लागताच टाळाटाळ न करता खालच्या गिअरमध्ये, २,०००च्या वर आरपीएम ठेवून, साठच्या आसपास वेगाने वीसेक मिनिटं सलग चालवा. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर लावून जाळी जाळून घ्यावी लागते. महिन्यातून एकदा सपाटीवर, इंजिन गार असताना डिपस्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट न पाहता ऑइल बदला, आणि तेही डीपीएफला चालणारं, कमी राख सोडणारंच भरा.