शिळफाट्याजवळचं पशुखाद्याचं दुकान: सूर्यफूल पेंड घ्या, तयार ससा फीड राहू द्या
ब्रॉयलर म्हणजे मांसासाठीचे ससे पाळणाऱ्यांसाठी लिहितोय, घरी हौसेचे एकदोन ससे असतील तर या दुकानात जायची काही गरज नाही, त्यांना गवत घाला, मजेत राहतील.

माझी शेड पडघ्याला आणि ऑफिस महापेला, म्हणजे शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणं आलंच, त्यातच हे दुकान सापडलं. गिऱ्हाईक सगळं तबेलेवाल्यांचं, बाहेरून बघितलं तर म्हशींच्या खुराकाशिवाय काही नसेल असंच वाटतं. पण आत सोया डीओसी (डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली पेंड), सूर्यफूल डीओसी, तूर चुनी, हरभरा चुनी (डाळ करताना निघणारा चुरा), गव्हाचा कोंडा, मका भरडा आणि मुख्य म्हणजे सुकवलेला लसूणघास (ल्युसर्नचा चारा), सगळं सुट्टं मिळतं. बाकी बहुतेक ठिकाणी अख्खं पोतं उचला नाहीतर निघा. इथे पोतं उघडून हातात देतात, वास घ्या, मुठीत दाबून बघा, कोणी तोंड वाकडं करत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे प्रोटीन म्हटलं की सगळे सोयावर तुटून पडतात कारण त्यात 45 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. कोंबडीला ठीक आहे हो, पण सशाचं पोट वेगळं, त्याचं अर्धं काम मागच्या मोठ्या आतड्यात चालतं आणि तिथली गाडी फायबरवर चालते. वाढत्या पिल्लांना साधारण 16 टक्के प्रोटीन पुरतं पण फायबरही 14 ते 16 टक्के लागतं, आणि सोयात फायबर जेमतेम 6-7 टक्के. मग लोक सोया आणि मका वाढवत जातात, दूध तोडल्यावर पिल्लांना जुलाब लागतात, आणि दोष पाण्याला नाहीतर हवेला. शिवाय जादा प्रोटीन अंगी लागत नाही, ते मुतातून जातं, शेडमध्ये अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात आणि ससे शिंकायला लागतात.

सूर्यफुलाची पेंड इथे कामाला येते. टरफलासकट असेल तर प्रोटीन 28-30 टक्के आणि फायबरही 20 च्या वर, म्हणजे सशाला हवं ते दोन्ही एकाच पोत्यात. कमतरता एकच, लायसिन (प्रोटीनमधला वाढीला लागणारा एक घटक) कमी, म्हणून थोडा सोया ठेवावाच लागतो. माझं 100 किलोचं मिक्स असं: लसूणघास 35, गव्हाचा कोंडा 28, मका 17, सूर्यफूल 12, सोया फक्त 4, उरलेल्या 4 मध्ये खनिज मिश्रण, मीठ आणि थोडी मळी. हिशोब केला तर प्रोटीन 17 च्या आसपास आणि फायबर 15-16 बसतं. आधीच्या सोयावाल्या खाद्याशी तुलना केली तर वजनात मला फरक दिसला नाही, जुलाब मात्र बरेच कमी झाले, आणि सोया कमी लागल्यामुळे बिलही उतरलं. भाव लिहीत नाही, सारखा हलतो, फोन करून विचारा.

लसूणघास कधी हिरवट सुवासिक येतो कधी नुसत्या पिवळ्या काड्या, पिवळा असेल तर घेऊ नका, पानं गळलेली असतात आणि बरंचसं प्रोटीन पानातच असतं. एवढं बघून घ्यायचं काम आपलं.

तक्रारी आहेत. त्यांचं स्वतःचं "ससा फीड" म्हणून जे पोतं आहे त्यावर प्रोटीन 18 टक्के मोठ्या अक्षरात, फायबरचा आकडा कुठेच नाही. वर नुसती पिठी. ससे पिठी नीट खात नाहीत, नाकात जाते, निम्मी भांड्यात राहते. मालकाला विचारलं तर म्हणाले, "साहेब, प्रोटीन बघूनच लोक घेतात." असेल बाबा. दुसरं, काउंटरवरचा पोरगा सशाला म्हशीची गोळी पेंड चालेल म्हणून सांगतो. अजिबात घेऊ नका. त्यात युरिया असू शकतो जो सशाला काही कामाचा नाही, उलट विषबाधा व्हायची, आणि सरकी पेंड असेल तर तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचा त्रास वेगळा.

पावसाळ्यात शेंगदाणा पेंड कुठल्याच दुकानातून घेऊ नये असं माझं मत. आपल्याकडची दमट हवा, बुरशी दिसत नसली तरी तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, असू शकतं आणि ससा त्याला फार नाजूक. या दुकानात पोती लाकडी फळ्यांवर असतात, जमिनीला टेकलेली नाहीत, एवढी काळजी घेतात हे खरं, तरी मी नाही घेत. हिरव्यात शेवग्याचा पाला उत्तम. सुबाभूळ रस्त्याकडेला फुकट मिळतो म्हणून भारा भरून घालणारे आहेत, त्यातल्या मिमोसीनने केस गळतात, थोडाच घाला.

दळून गोळी पाडून द्यायची सोय आहे, मशीन मागच्या बाजूला. पण डाय (गोळीचा साचा) शेळीच्या मापाची, गोळी जाड पडते, सशाला 3-4 मिलीमीटरची लागते. जाड गोळी अर्धी कुरतडून जाळीखाली पाडतात, त्यामुळे तेवढं काम मी दुसरीकडून करून घेतो. छोटी डाय मागवतो म्हणून मालक कधीपासून सांगताहेत.

यूपीआय चालतं, बिल मागितलं तर देतात. संध्याकाळी जाऊ नका, तबेलेवाल्यांचे छोटा हत्ती टेम्पो लागलेले असतात, गाडी लावायला जागा नाही आणि सूर्यफुलाचं चांगलं पोतं तोवर संपलेलं असतं.