टेम्पो ट्रॅव्हलरमधलं घर: पावसाळा, थंडी आणि निम्मा उन्हाळा राहून झाल्यावर

बरेच जण विचारतायत की गाडीत राहणं खरंच जमतं का, केवढ्याला पडली, विकायची आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलचक होणार आहे, आणि निम्म्यानंतर गाडीपेक्षा माणसांबद्दलच जास्त आहे, पण गाडीत राहायचा विचार करत असाल तर माझ्या मते तोच भाग जास्त कामाचा आहे.

गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आधी लग्नाची वऱ्हाडं आणि अष्टविनायकच्या ट्रिपा करायची. साडेसहा लाखाला घेतली, आतलं काम साधारण साडेचार लाखात झालं. पुण्यातल्या फ्लॅटचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं आणि मालकांनी एकवीस हजारांचं भाडं एकदम अठ्ठावीस सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं हिशेब मांडून बसलो. मी ड्रॉइंगची कामं करतो, बायको ऑनलाइन शिकवण्या घेते, आईवडील सांगलीला भावाकडे असतात. हौस होतीच, पण खरं कारण भाडं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण व्हिडिओंमध्ये सूर्योदय आणि कॉफीचा मग दिसतो, भाड्याचा आकडा कोणी दाखवत नाही.

आधी कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये हे ठणकावून सांगितलंय. कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याच्या गाडीसाठी, एआयएस-124 असं वेगळं मानकही आहे. फॅब्रिकेटर म्हणतो "करून टाका हो, कोण बघतंय", त्याचं अजिबात ऐकू नका, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघणार.

आता गाडी. आतून जेमतेम साठ चौरस फूट जागा आहे, पण मी सरळ उभा राहू शकतो आणि त्याचं महत्त्व पहिल्याच आठवड्यात पाठ सांगते. 200 एएचची लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण अडीच युनिट, आणि छपरावर 400 वॉटचे पॅनल. दोन लॅपटॉप, छोटा फ्रीज, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, लाइट एवढं ऊन असताना आरामात चालतं. जुलैत घाटाखाली चार दिवस ढग राहिले की नाही चालत, तेव्हा इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जरच वाचवतो, त्यामुळे पैसे कमी असतील तर एक पॅनल कमी घ्या पण हा घ्याच. इंडक्शनच्या भानगडीत पडलो नाही, 5 किलोचा छोटा सिलिंडर आहे, गॅस डिटेक्टर लावलाय आणि खालच्या बाजूला हवेला जागा ठेवलीय, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाला साचतो.

उन्हाळा आणि सोलर यांचं आपसात पटत नाही, पॅनलला ऊन हवं आणि आपल्याला सावली. छपराला उष्णता अडवणारी 25 एमएमची एक्सपीएस फोम शीट आहे, तरी मार्च संपता संपता परभणीकडे दुपारी आत बसवेना, सरळ गाडी फिरवून महाबळेश्वरच्या वाटेला लागलो. पण खरा शत्रू ऊन नाही, ओल. मालवण-देवगडकडे पावसात दोन माणसांचा श्वास, कुकरची वाफ आणि बाहेरची हवा सगळं गादीखाली जाऊन बसतं आणि बुरशी धरतं. गादीखाली फळ्यांची जाळी हवी, आणि पाऊस असला तरी छपराचा फॅन चालू ठेवायचा. पाण्याची टाकी 70 लिटरची, जपून वापरलं तर दोन दिवस जाते, पेट्रोल पंपावर डिझेल भरलं की भरून देतात, प्यायचं पाणी गावातल्या आरओच्या एटीएमवर पाच-दहा रुपयांत मिळतं. कॅसेट टॉयलेट आहे, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येते, ते फक्त सार्वजनिक शौचालयात रिकामं करायचं, नाल्यात किंवा शेताच्या कडेला ओतणाऱ्यांमुळेच पुढच्याला कोणी उभं करत नाही.

आता रात्री कुठे थांबायचं. ढाबा सगळ्यात चांगला, जेवलात तर कोणी उठवत नाही, आणि ट्रकवाले शेजारी असले की शांत झोप लागते. आपल्या देशात गाडीत राहणारे खरे लोक हेच, वर्षानुवर्षं केबिनमध्ये झोपतात, आंघोळ पंपावर. मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ती 2025 मध्ये, तीही नव्या बनणाऱ्या गाड्यांनाच, तोपर्यंत इंजिनच्या धगीत झोपणाऱ्या माणसाचं कुणाला काही वाटलं नाही.

ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते आता सांगतो. ऐन पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या बाहेर, माळावर गाडी लावली. शेजारी एक घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरून लोहारकाम करणारं कुटुंब होतं, म्हातारी, मुलगा, सून, तीन पोरं. त्यांच्याकडे छोटा हत्ती होता, त्याच्या हौद्यावर कमानी लावून ताडपत्री टाकलेली, आत अंथरूण, डबे, कपड्यांची गाठोडी, आणि बाजूला जमिनीत भाता आणि ऐरण. म्हणजे बघा, ते पण गाडीत राहत होते, आम्ही पण. त्यांच्या गाडीची पण आरसी होती, इन्शुरन्स होता, मुलाने मला पीयूसीसकट दाखवलं. म्हातारी संध्याकाळी आमच्या गाडीपाशी येऊन म्हणाली, "गाडी हितनं काढा, ह्यो वघळ हाय, रातच्याला पानी उतरतंय." आम्ही पन्नास फूट वर घेतली. रात्री खरंच तिथून पाणी वाहत गेलं. दुसऱ्या दिवशी तिनेच दाखवलं की वाऱ्याकडे गाडीचं तोंड करायचं, दार आडोशाला ठेवायचं, आणि ताडपत्रीला मधे उतार द्यायचा. एवढ्या व्हिडिओंमध्ये मी हे कुठे ऐकलं नव्हतं, आणि आजही रोज तसंच करतो.

सकाळी गावातले चार-पाच जण आले. आमची गाडी बघितली, आत लाकडाचं काम, फ्रीज, लॅपटॉप, एकदम खूश. फोटो काढले, एकाने बायकोला आणि मुलींना घेऊन येऊन दाखवलं, चहाचं आमंत्रण, देवळाच्या पटांगणात आठवडाभर राहा म्हणाले, लाइटचं कनेक्शन देतो म्हणाले. आणि तिथून तसेच वीस पावलं पुढे जाऊन घिसाड्यांना सांगितलं की संध्याकाळच्या आत उठायचं. कारण काय तर दोन-तीन महिन्यांपूर्वी विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या होत्या. तेव्हा हे कुटुंब तिथे होतं का हे कुणी विचारलं नाही. मी बोललो, तर "साहेब, तुम्हाला हे लोक माहीत नाहीत." आदल्या दिवशी त्याच गावातल्या लोकांनी त्यांच्याकडून विळे आणि कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे धार करून घेतल्या होत्या, त्यांचे पैसे पण सगळ्यांनी दिले नव्हते. आम्ही पण त्यांच्याबरोबरच तिथून निघालो, देवळात थांबायची इच्छाच राहिली नाही.

त्यानंतर माझं लक्षच बदललं. हिवाळ्यात पुण्याजवळ एका सोसायटीच्या गल्लीत, मित्राच्या घराखाली, गाडी लावून झोपलो होतो. चिखलाने भरलेली गाडी, पडदे ओढलेले. रात्री पोलिस आले, सोसायटीतल्या कुणीतरी फोन केला होता की संशयास्पद गाडी आहे. दार ठोठावायची पद्धत अशी की बायको दचकून उठून बसली. पहिली दोन मिनिटं अरेतुरे, खाली उतर, आत काय आहे. मग आधार कार्ड, आरसी, आतलं टेबल, लॅपटॉप, माझं बोलणं, आणि लगेच "सर, तुम्ही टुरिस्ट का, आधी सांगायचं ना." त्या दोन मिनिटांत जो अनुभव आला तो त्या म्हातारीला पूर्ण आयुष्यभर आलाय, आणि तिच्या बाबतीत तिसरं मिनिट येतच नाही.

बेघर माणूस म्हणजे आळशी, चोर नाहीतर भिकारी, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की कायद्यात पण आहे. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भिकाऱ्याच्या व्याख्येतच असं येतं की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतोय. त्याखाली एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षं. दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, तरी फिरता माणूस दिसला की त्याला आधी हाकलायचं ही सवय गावाच्या आणि शहराच्या अंगात तशीच आहे.

आणि हे नवीन नाही. जुलै 1981 मध्ये भर पावसात मुंबईच्या फुटपाथवरची बिऱ्हाडं उठवून लोकांना बसमध्ये भरून गावी पाठवायला सुरुवात झाली होती, अंतुले मुख्यमंत्री असताना. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस केस, आणि 1985 मध्ये यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश असलेल्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथे जवळ आहे. पण त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन हटवायला परवानगीही होती, फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणाले. 2010 मध्ये कोर्टाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तासांचं निवारा केंद्र हवं म्हणून सांगितलं. तुमच्या वॉर्डातलं निवारा केंद्र कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे का? मला पुण्यात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजारांच्या आसपास बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर, आणि ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. आता 2027 ला पुन्हा होणार. मी त्या रात्री गाडीत असेन, पण सांगलीच्या घरात माझं नाव बहुतेक लागेलच. अमेरिकेत कारमध्ये, आरव्हीमध्ये (राहण्यासाठी बनवलेल्या मोठ्या गाडीत) आसरा म्हणून झोपणाऱ्याला बेघरातच धरतात, जानेवारी 2024 च्या त्यांच्या मोजणीत 7 लाख 71 हजारांवर आकडा गेला. आपण ज्यांचे व्हॅनचे व्हिडिओ बघतो त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू, पालो आल्टोसारख्या गावांत, म्हणजे आपली कितीतरी मराठी मंडळी जिथे नोकरी करतात तिथे, रस्त्याकडेला जुन्या आरव्हींच्या रांगा असतात, आतली माणसं सकाळी उठून कामाला जातात. माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी 2020 मध्ये अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या लावायला बंदी मंजूर केली, आणि जून 2024 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास शहराच्या केसमध्ये 6 विरुद्ध 3 ने सांगितलं की बाहेर झोपणाऱ्याला दंड करता येतो, शहरात निवारा नसला तरी. भाडं परवडत नाही म्हणून माणूस रस्त्यावर येतो आणि रस्त्यावर आला म्हणून त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हे मला कुठल्याही देशात पटत नाही.

सगळ्यात मोठा फरक पत्त्याचा आहे, हे गाडीत राहायला लागल्यावर कळतं. बँकेचं केवायसी, गॅस, कुरिअर, मतदान, सगळीकडे मी सांगलीचा पत्ता टाकतो आणि विषय संपतो. त्या घिसाडी कुटुंबातल्या मोठ्या मुलाला जातीचा दाखला नाही, कारण भटक्या जमातीसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना कुठल्या गावाने तीन दिवसांच्या वर राहू दिलं नाही त्यांच्याकडे राहिल्याचा कागद मागायचा. दाखला मिळाला तर पुढे मुक्त वसाहत योजनेत 5 गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचं घर मिळू शकतं, आमच्या गाडीच्या चौपटीहून मोठं. शाळेचं मात्र एक लक्षात ठेवा, वयाचा दाखला नाही म्हणून पोराला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. मी आणि बायको त्यांच्या मधल्या मुलीसाठी शाळेत गेलो तेव्हा हेच वाचून दाखवलं, आणि मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, त्यांनी लगेच घेतलं. बायको आता तिला फोनवर आठवड्यातून दोनदा शिकवते, गणितात भलती हुशार आहे.

गाडीबद्दल माझं मत: दोघांसाठी, काम ऑनलाइन असेल, तब्येत बरी असेल आणि मागे कुणाचं तरी घर असेल तर जमतं, महिन्याला डिझेल धरून आमचे भाड्यापेक्षा सात-आठ हजार वाचतात. मागे काहीच नसेल तर ह्याच्या जोरावर भाड्याचं घर सोडू नका, एक इंजिनचं मोठं काम निघालं की गाडी आणि घर दोन्ही एकदम जातं. आणि रात्री शेजारी भटक्यांचं पाल (तंबू) किंवा ताडपत्रीची गाडी दिसली तर लांब जाऊन लावू नका, जवळ लावा, जाऊन बोला. गावातले लोक उठवायला आले तर तुम्ही तिथे असल्याने फरक पडतो, हे दोन ठिकाणी बघितलंय.

गाडी विकायची नाहीये. वायरिंगचा डायग्राम हवा असेल तर पाठवतो. आणि सातारा-सांगली भागात कुणी भटक्या जमातीच्या कुटुंबाला 1961 आधीचा पुरावा शोधून दाखला मिळवून दिला असेल, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, आजोबांचं शाळेतलं नाव, काहीही, तर कृपया सांगा काय चाललं ते. त्या घिसाडी कुटुंबाला तहसील कार्यालयात पुढच्या महिन्यात परत बोलावलंय आणि मोठ्या मुलाच्या अकरावीच्या ॲडमिशनला त्याआधी दाखला हवाय.