अपवर्क: काम मिळवायला महाग, पैसे मिळवायला बरं

आयटीतलं आठ-पंधरा दिवसांचं सुटं काम शोधणाऱ्याला कुणी ना कुणी अपवर्क सुचवतंच. ईलान्स आणि ओडेस्क हे फ्रीलान्स कामाचे दोन ऑनलाइन मंच एकत्र आले आणि २०१५ मध्ये त्यांना हे नाव मिळालं. काम मिळवून देण्यात हा मंच जेमतेम आहे. केलेल्या कामाचे पैसे हातात पडण्याची व्यवस्था मात्र पक्की आहे, तिचे नियम पाळले तर.

खर्च अर्जापासूनच सुरू होतो. प्रस्ताव पाठवायला कनेक्ट, म्हणजे अपवर्कचे विकतचे टोकन, लागतात, एकाची किंमत ०.१५ डॉलर. कामाला १५ कनेक्ट मागितले असतील तर सव्वादोन डॉलर गेले. काम दुसऱ्याला मिळालं तरी ते परत येत नाहीत. त्यामुळे दिसेल तिथे अर्ज टाकणं परवडत नाही. ग्राहकाचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आधी किती जणांना काम दिलं, तासाला सरासरी किती मोजले, हे जाहिरातीच्या बाजूलाच दिसतं. तिथे शून्य असेल तर ती जाहिरात सोडून द्या. अमेरिकी ग्राहकांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा नव्या जाहिराती बघायला सातनंतर बसावं. ग्राहकाला यादीत प्रस्तावाच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात. त्या 'मला सात वर्षांचा अनुभव आहे' यावर घालवू नका. 'चेकआउटवरचा ५०० एरर प्लगइन अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधी डीबग लॉग पाहीन' असं लिहिणाऱ्याकडे लक्ष जातं.

छोट्या मुदतीसाठी इथे चालतात ती कामं म्हणजे वर्डप्रेसमधला मालवेअर काढणं, साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवणं, गुगल शीट्सची अ‍ॅप्स स्क्रिप्ट, अडलेलं एपीआय जोडून देणं. 'अख्खं अ‍ॅप बनवा, बजेट १०० डॉलर' वाल्यांना लांबूनच नमस्कार.

आता पैशांचं. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाने माइलस्टोनची (कामाच्या टप्प्याची) रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्ककडे राखून ठेवायच्या खात्यात, भरल्याचं दिसेपर्यंत एक ओळही लिहू नये. इथे नवखे हमखास फसतात ते वेगळ्याच जागी: काम झालं की फाइल मेसेजमध्ये टाकून मोकळे होतात. ग्राहकाची १४ दिवसांची मुदत सुरू होते ती पेमेंटसाठी काम सबमिट केल्यावरच. ते केलं आणि ग्राहक गप्प बसला, तर १४ दिवसांनी रक्कम आपोआप सुटते आणि आणखी ५ दिवसांनी काढता येते.

तासावारी कामात अपवर्कचं डेस्कटॉप अ‍ॅप दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एक स्क्रीनशॉट घेतं आणि कीबोर्ड-माउसच्या हालचाली मोजतं. हाताने भरलेल्या तासांना पेमेंटचं संरक्षण नाही. लॉग वाचताना किंवा बिल्ड चालू असताना हालचाल कमी दिसते, आणि वाद झाला तर नेमके तेच तुकडे अडतात. म्हणून मेमोमध्ये, म्हणजे अ‍ॅपमधल्या कामाच्या नोंदीत, काय चाललंय ते नीट लिहा. आठवडा यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) रविवारी मध्यरात्री संपतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. पैसे त्या रविवारनंतर दहा दिवसांनी, बुधवारी, मोकळे होतात. महिनाअखेरच्या भाड्याची सोय यावर ठेवू नका.

अपवर्कचं कमिशन मे २०२५ पासून करारानुसार ० ते १५ टक्के आहे आणि प्रस्ताव पाठवण्याआधीच दिसतं. २०० डॉलरचं काम आणि १० टक्के कमिशन धरा: २० डॉलर ते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३.६०, शिवाय ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे २० सेंट. उरले १७६.२०. बँकेत पाठवायला सुमारे एक डॉलर जातो आणि रुपयात बदलताना दरातही थोडं कापलं जातं, ते वेगळं. पॅन भरलेलं नसेल तर टीडीएस ५ टक्के, तेव्हा ते पहिल्याच दिवशी भरा. कापलेला टीडीएस विवरणपत्रात वळता करून घेता येतो. जीएसटी क्रमांक दिलात तर अपवर्क तो कर लावत नाही, पण रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच कर भरायच्या पद्धतीने, तो तुम्हालाच भरावा लागतो.

'टेलिग्रामवर या', 'आधी डिपॉझिट भरा', 'तुमचं खातं भाड्याने द्या' असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. बाहेर गेलात की एस्क्रोही नाही आणि दादही नाही. चांगला ग्राहक मिळाला तरी, रूपांतर शुल्क (ग्राहकाला मंचाबाहेर नेण्यासाठी अपवर्कला द्यायची रक्कम) न भरता त्याच्याशी थेट व्यवहार करायला २४ महिने बंदी आहे. खातं त्यावरूनही बंद होतं. नोकरी सांभाळून हे करणार असाल तर नेमणूकपत्रातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम आधी वाचा, कारण अपवर्कची प्रोफाइल एचआरलाही दिसते.